उरलेल्यांचा संघ

गल्लीत क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला संघ कसे पाडतात ते ठाऊक असतं. दोन दादा पोरं कप्तान होतात आणि आळीपाळीनं एकेकाला उचलतात. आधी चांगले फलंदाज जातात, मग वेगानं चेंडू टाकणारे, मग ज्याची बॅट आहे तो (त्याला घ्यावंच लागतं!). शेवटी एक-दोन पोरं उरतात, त्यांना कोणीच मागितलेलं नसतं. त्यातलं एखादं लहान असलं तर ते 'कच्चा लिंबू' होतं, दोन्हीकडून खेळतं आणि कुणाच्याच धावफलकात धरलं जात नाही. आमच्या वसईच्या वाडीत विहिरीशेजारच्या मोकळ्या जागेत मी बरीच वर्षं कच्चा लिंबू होतो. त्यामुळे असेल कदाचित, पण क्रिकेटच्या इतिहासात मला नेहमी एकाच संघाबद्दल आपुलकी वाटत आली आहे. त्या संघाचं नावच मुळी 'द रेस्ट' होतं. मराठीत सांगायचं तर इतर. किंवा अगदी खरं सांगायचं तर... उरलेले.

गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या भाच्याशी बोलणं झालं आणि हा विषय पुन्हा डोक्यात आला. तिथे कॉलेजांच्या खेळांचं प्रस्थ किती मोठं आहे ते आपल्याला इथे बसून कळत नाही. कॉलेजं गटागटानं खेळतात, आणि टीव्हीच्या पैशांपायी हे गट गेल्या काही वर्षांत असे काही मोडले-जोडले गेले की विचारू नका. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या बारा कॉलेजांचा जुना गट होता, त्यातली दहा २०२४ मध्ये बाहेर पडली. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही कॅलिफोर्नियातली विद्यापीठं चक्क अटलांटिक किनाऱ्याच्या गटात गेली. (म्हणजे आपल्या वसईच्या कॉलेजनं विशाखापट्टणमच्या आंतरकॉलेज स्पर्धेत नाव नोंदवावं, तसं.) या सगळ्या धामधुमीत नोत्र दाम नावाचं एक कॅथलिक विद्यापीठ फुटबॉलमध्ये अजूनही कुठल्याच गटात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेजारच्या मोठ्या गटानं त्यांना आत घेतलं नाही. १९९९ साली त्याच गटानं हात पुढे केला, तेव्हा यांनी नको म्हटलं. इतर बऱ्याच खेळांत ते २०१३ पासून अटलांटिकवाल्यांबरोबर आहेत, आणि २०२० च्या कोविडच्या वर्षी फुटबॉलही एका मोसमापुरतं त्यांच्यात बसून खेळले. पुढच्या वर्षी पुन्हा आपले सुटे.

भाचा म्हणाला, "मामा, असला प्रकार तुमच्याकडे नसेल." मी म्हटलं, अरे, तुमच्याकडे पैशांवरून गट पडतात. आमच्या मुंबईत धर्मावरून पडले होते, आणि कोण आत, कोण बाहेर यावर सभा भरत होत्या, मतदान होत होतं, थेट गांधीजींपर्यंत माणसं जात होती! तो गप्पच झाला. त्याला फोनवर सांगायला वेळ पुरला नाही, म्हणून ही लांबण.

विरारहून चर्चगेटला जाताना चर्नी रोड मागे पडलं की उजव्या हाताला, समुद्राच्या बाजूला, एकापाठोपाठ एक मैदानं लागतात. बसायला जागा मिळालेली असेल आणि खिडकी असेल (दोन्ही एकदम मिळणं म्हणजे पूर्वजन्मीचं पुण्य) तर जरा बघा. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना, कॅथलिक जिमखाना. रोज बघून बघून आपल्याला त्यात काही वाटत नाही. पण ही नावं नीट वाचली तर मुंबईच्या क्रिकेटचा सगळा इतिहास त्या दोन मिनिटांत डोळ्यांपुढून जातो.

मुंबईत क्रिकेट साहेबानं आणलं, पण आपल्या लोकांत ते रुजवलं पारश्यांनी. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ चा. पारशी व्यापार-धंद्यानिमित्त इंग्रजांच्या जवळ होते, त्यांनी तो खेळ उचलला. मग पारशी खेळतात तर आपण का नको म्हणून हिंदू पोरं उतरली. सुरुवातीचे हिंदू क्लब तर जातीपातीचे, भाषेचे असे होते. तेव्हा माणूस राहायचा जातीच्या वस्तीत, शिकायचा जातीच्या फंडावर आणि जेवायचा जातीच्या पंगतीत. मग खेळायला तरी निराळा कुठून जाणार?

मैदानावर मात्र मालकी साहेबाची. एस्प्लनेडच्या मैदानावर गोरे लोक पोलो खेळायचे, घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची आणि त्याच खाचखळग्यांत देशी पोरांनी क्रिकेट खेळायचं. यावरून पारश्यांनी अर्ज-विनंत्यांचा मोठा लढा दिला. शापूरजी सोराबजी नावाच्या गृहस्थांनी १८९७ साली त्यावर पुस्तकच लिहिलं. शेवटी सरकारनं केनेडी सी-फेसला, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हलगत, समुद्र हटवून मिळालेल्या जागेवर जिमखान्यांना भूखंड दिले. लॉर्ड हॅरिस तेव्हा, म्हणजे १८९० ते १८९५ मध्ये, मुंबईचे गव्हर्नर होते. शाळकरी मुलांच्या ज्या हॅरिस शील्डमध्ये आपल्या विरारच्या पृथ्वी शॉनं २०१३ साली ५४६ धावा कुटल्या, ते हॅरिस हेच. भूखंड दिले ते धर्मवार. इस्लाम जिमखाना १८९२, हिंदू जिमखाना १८९४. एका रांगेत, शेजारी शेजारी, मध्ये कुंपण. त्या कुंपणांनी पुढची पन्नास वर्षं ठरवून टाकली, असं म्हटलं तरी चालेल.

स्पर्धेची वाढ कशी झाली ते बघण्यासारखं आहे. १८९२ मध्ये युरोपियन विरुद्ध पारशी हा सामना सुरू झाला. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, आणि १९०७ पासून स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला, चौरंगी झाली. १९३७ मध्ये 'रेस्ट' आले, पंचरंगी झाली. म्हणजे पंचेचाळीस वर्षांत दोनाचे पाच झाले. प्रत्येक वेळी दारावर थाप मारणारा बाहेरचा होता, आणि आत गेल्यावर तो आतला झाला. पण घराचा आराखडा मात्र एकदाही बदलला नाही, फक्त खोल्या वाढल्या.

स्पर्धेचं वेड किती होतं याची आज कल्पना येणं कठीण. सामने बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर होत, आणि गंमत म्हणजे त्या जिमखान्याचा सभासद होण्याची देशी माणसाला मुभा नव्हती. मैदानात येऊन साहेबाला हरवा हवं तर, पण क्लबात पाय ठेवू नका. तरीही सामने असले की फोर्टातली कचेऱ्यांची कामं ढिली पडत. कराचीत, नागपुरात, मद्रासेतही अशाच धर्तीच्या स्पर्धा निघाल्या.

आता कोणी म्हणेल की हिंदूंचा एक संघ झाला म्हणजे हिंदू तरी एक झाले. तिथेही गोष्ट इतकी सरळ नाही, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पळवणकर बाळू हे नाव अलीकडे पुन्हा लोकांच्या ओठी आलं आहे, चांगलं झालं. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात आधी साहेबांच्या क्लबात मैदानाची निगा राखायचा आणि त्यांना सरावाला चेंडू टाकायचा. हिंदू संघाला जिंकायचं होतं आणि बाळूशिवाय जिंकता येत नव्हतं, म्हणून त्याला संघात घेतलं. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावायचे. पण चहाच्या वेळी बाकीचे आत कपातून चहा घेत आणि बाळूला तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं सगळे सामने धरून शंभराच्या वर बळी घेतले. तरी कर्णधारपद काही त्याच्याकडे आलं नाही. त्याचे भाऊ शिवराम, विठ्ठल आणि गणपत हेही हिंदूंकडून खेळले. १९२० मध्ये कर्णधार पै आजारी पडले आणि कर्णधारपद देवधरांकडे गेलं, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी सरळ संघाबाहेर राहणं पत्करलं. आमचा हक्क केवळ जातीपायी डावलला, असं त्यांनी उघड सांगितलं. त्यावर गदारोळ झाला, आणि मग बाळूला निदान उपकर्णधार केलं गेलं. विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाला आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली.

मला या हकिकतीत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आत असणं आणि आतला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीत नाव असून माणूस बाहेर असू शकतो. आणि त्या दोन भावांनी दाखवलं की कधी कधी बाहेर राहूनच आतलं काही हलवता येतं. (हेच बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. असो.)

आता आमच्या वसईकडे येतो.

आपल्या वसई तालुक्यात ख्रिस्ती वस्ती मोठी. पोर्तुगीज इथे १५३४ मध्ये आले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा गेले. मधल्या दोनशे वर्षांत इथले अनेक जण ख्रिस्ती झाले. पण भाषा इथलीच राहिली, शेती, मासेमारी, फुलं-भाजी घेऊन मुंबईला जाणं, सगळं इथलंच राहिलं. १९३६ साली विरारपर्यंत विजेची गाडी आली आणि मुंबई आणखी जवळ झाली. समजा त्या काळी पापडीचा किंवा निर्मळचा एखादा तरुण केळ्यांचा नाहीतर भाजीचा हिशोब उरकून दुपारी सामना बघायला गेला. तर त्यानं टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? युरोपियनांचा धर्म आणि त्याचा धर्म एक. पण साहेब त्याला आपल्या तंबूत उभं करणार नव्हता. हिंदूंची आणि त्याची भाषा एक, गाव एक, पण हिंदू जिमखान्यात त्याला जागा नव्हती. १९०७ पासून तीस वर्षं या देशातला ख्रिस्ती माणूस, ज्यू माणूस, बौद्ध माणूस या स्पर्धेत फक्त प्रेक्षक होता. कितीही चांगला खेळत असला तरी. कारण त्याच्या नावाची खोलीच त्या घरात नव्हती.

मग १९३७ मध्ये त्या सगळ्यांची मोट बांधून 'रेस्ट' हा संघ झाला. नावातच सगळं आलं. बाकीचे चौघे कोण आहेत ते सांगून झालं, आता हे उरले! पण त्या उरलेल्यांमध्ये एक सांगलीचा मराठी ख्रिस्ती मुलगा होता, विजय हजारे.

त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे ७ डिसेंबर १९३७ ला चर्चगेट स्टेशनच्या जवळच ब्रेबॉर्न स्टेडियमचं उद्घाटन झालं. क्रिकेट क्लब ऑफ इंडियानं ते बांधलं होतं, आणि साहेबाच्या जिमखान्याऐवजी स्पर्धा आता तिथे आली. दुसरी म्हणजे, पहिल्याच पंचरंगीत हिंदू उतरलेच नाहीत! कारण काय, तर नव्या स्टेडियममध्ये हिंदू जिमखान्याला पुरेशा जागा दिल्या नाहीत. धर्म नाही, तत्त्व नाही, देश नाही. बसायच्या जागा. लग्नात मुलाकडच्यांना पुढची रांग मिळाली नाही म्हणून वऱ्हाड रुसावं तसा प्रकार. हिंदू बाहेर राहिले, मुसलमान जिंकले. पुढच्या वर्षी हिंदू परत आले.

हे लक्षात ठेवा, कारण तीनच वर्षांत तोच जिमखाना पुन्हा बाहेर पडला. या वेळी कारण फार मोठं होतं.

१९४० साल. युद्ध चालू, वैयक्तिक सत्याग्रह चालू, नेते तुरुंगात. मार्चमध्ये लाहोरला मुस्लिम लीगनं वेगळ्या राष्ट्राचा ठराव केला होता. अशा वेळी हिंदू विरुद्ध मुसलमान असा खेळ मांडावा का, हा प्रश्न आता वर्तमानपत्रांत रोज येत होता. 'बॉम्बे क्रॉनिकल'नं आणि त्याचे क्रीडा संपादक जे. सी. मैत्र यांनी तो लावून धरला. डिसेंबरात हिंदू जिमखान्याचं शिष्टमंडळ वर्ध्याला गांधीजींना भेटायला गेलं. गांधीजींना क्रिकेटमधलं फारसं काही कळत नव्हतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. पण मुद्दा त्यांनी नेमका पकडला. कॉलेजा-कॉलेजांत, संस्था-संस्थांत सामने व्हावेत हे आपण समजू शकतो, असं ते म्हणाले. हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी, हे मात्र आपल्याला कधी समजलेलं नाही. खेळाच्या मैदानावर तरी ही फाळणी नको.

शिष्टमंडळ परत आलं. जिमखान्याची सभा भरली. आता बघा, सगळी सभा गांधीजींचं ऐकून एकमुखानं उठली असेल असं आपल्याला वाटतं. तसं मुळीच झालं नाही. जोरदार वादावादी झाली आणि बाहेर राहण्याचा ठराव थोडक्या मतांनी पास झाला. विजय मर्चंट त्या वर्षी खेळले नाहीत. मुसलमान आणि रेस्ट यांच्यात अंतिम सामना झाला आणि मुसलमान जिंकले.

पुढच्या वर्षी हिंदू पुन्हा परत! आणि १९४१ ची स्पर्धा त्यांनी जिंकली.

तत्त्व एका वर्षात कुठे गेलं? याची टर उडवणं सोपं आहे. पण मला त्या सभेत बसलेल्या माणसांची बाजू थोडी समजूनही घ्यावीशी वाटते. रणजी स्पर्धा १९३४ मध्ये सुरू झाली होती. तिच्यात प्रांतांचे, संस्थानांचे संघ होते, धर्माचा संबंध नव्हता. पण मुंबईतल्या पंचरंगीला जी गर्दी लोटे ती रणजीला नसे. तिकिटांचा पैसा पंचरंगीत होता. जिमखाने त्यावर चालत. शिवाय बाजूनं बोलणारे म्हणत की मैदानावर आजवर दंगा झालेला नाही, खेळाडू एकमेकांचे जिवलग मित्र आहेत, उलट हिंदू-मुसलमान एका मांडवाखाली बसून एकमेकांच्या फटक्यांना दाद देतात, हे आणखी कुठे दिसतं? त्यातही तथ्य होतं. मर्चंट आणि के. सी. इब्राहिम रणजीत मुंबईकडून एकत्र खेळत आणि पंचरंगीत एकमेकांविरुद्ध. १९४४ च्या अंतिम सामन्यात इब्राहिमनं शतक ठोकून शेवटपर्यंत नाबाद राहून मुसलमानांना एका गड्यानं जिंकून दिलं. त्या थरारक सामन्यानंतर मुंबईत काही आक्रीत घडलं नाही.

म्हणजे स्पर्धेनं द्वेष पसरवला असं म्हणणं तिच्यावर अन्याय करणारं आहे. पण तिनं एक सवय लावली, हे मात्र खरं. माणूस भेटला की तो कुठल्या खोलीतला, हे आधी विचारायची सवय. खेळताना ही सवय निरुपद्रवी वाटते. बाहेर वारं फिरलं की मग तिचा अर्थ कळतो. कुंपण गुडघ्याएवढं असेतोवर त्याच्यावरून गप्पा मारता येतात, खरं आहे. पण कुंपण घालायचं ठरवताना ते पुढे किती उंच होईल, हे आपल्या हातात नसतं.

आणि या सगळ्या वादात 'रेस्ट'चं मत कोणी विचारलं होतं? हिंदूंनी बाहेर राहावं की आत यावं यावर सभा झाल्या, अग्रलेख झाले. उरलेल्यांना मुळात तो पर्यायच नव्हता. ज्याला तीस वर्षांनी दार उघडलं, त्यानं तीन वर्षांत तत्त्वासाठी ते आपल्या हातानं लावून घ्यावं, ही अपेक्षा करणं सोपं आहे, पण करणारा आधीपासून घरात बसलेला असतो.

'रेस्ट'नं स्पर्धा कधीच जिंकली नाही. पण त्यांच्या एका पराभवाची गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे विजय फिके पडावेत.

१९४३ चा डिसेंबर. ब्रेबॉर्नवर हिंदू विरुद्ध रेस्ट, अंतिम सामना. त्याआधी रेस्टनं मुसलमानांना गाठलं होतं, तिथे हजारेनं २४८ काढल्या होत्या. अंतिम सामन्यात मर्चंटनं नाबाद २५० करून उत्तर दिलं. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. रेस्ट पहिल्या डावात १३३ सर्वबाद. फॉलोऑन. आता इथून काय वाचणार?

मग विजय हजारे उतरला. एका बाजूनं गडी येत होते, जात होते. शेवटी त्याचा धाकटा भाऊ विवेक येऊन उभा राहिला. दोघा भावांनी ३०० धावांची भागी केली, तिच्यात विवेकच्या धावा किती? २१. बाकी सगळा विजय. रेस्टचा डाव ३८७ वर संपला, त्यातल्या ३०९ एकट्या हजारेच्या. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ ऐंशी! प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये सर्वबाद डावातला एका माणसाचा इतका मोठा वाटा हा त्या वेळी विक्रम ठरला. हिंदू एक डाव आणि ६१ धावांनी जिंकले.

हा डाव मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण माझं लक्ष हल्ली विवेककडे जास्त जातं. ज्याचं नाव कुणी लक्षात ठेवणार नव्हतं असा, उरलेल्यांतला उरलेला, २१ धावा करत दुसऱ्या टोकाला उभा राहिला. तो उभा राहिला नसता तर ३०९ झाल्या नसत्या. कच्चा लिंबू म्हणून खेळलेल्या कुणालाही हे सांगायला नको.

तीन वर्षांत सगळं संपलं. १९४५-४६ च्या मोसमात पंचरंगी शेवटची झाली. नंतर क्रिकेट मंडळानं ती गुंडाळली आणि तिच्या जागी उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशी विभागांची स्पर्धा आणली. पंचरंगीची गर्दी विभागीय सामन्यांना कधी झाली नाही. 'पश्चिम विभाग जिंदाबाद' म्हणून कुणाच्या छातीत धडधडणार! पण १९५१ मध्ये तोच 'रेस्ट'चा हजारे भारताचा कर्णधार होता, आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडला हरवून भारतानं पहिला कसोटी विजय मिळवला तो त्याच्याच नेतृत्वाखाली. पंधरा वर्षांपूर्वी ज्याला कुठल्या खोलीत बसवायचं हे कळेना म्हणून उरलेल्यांत टाकलं होतं, त्याच्या मागे आता सगळा देश मैदानात उतरत होता. आराखडाच बदलल्याशिवाय हे झालं नसतं. नुसती आणखी एक खोली बांधून भागलं नसतं.

याचा अर्थ पुढे संघांची भांडणं मिटली असा नाही, बरं का. आपल्या एका महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत, कारण ते राज्य होण्याआधीचे आहेत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लोढा समितीची 'एक राज्य, एक मत' ही शिफारस मान्य केली, तेव्हा रणजी चाळीसहून जास्त वेळा जिंकणाऱ्या मुंबईचं कायमचं मत जायची वेळ आली. विद्यापीठांच्या संघटनेचंही तेच. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयानं ती अट मागे घेतली आणि सगळ्यांचं सभासदत्व परत आलं. आणि आपल्या विरारचा पृथ्वी शॉ, ज्याला मुंबईनं वाढवलं, तो २०२५ मध्ये मुंबईकडून ना हरकत घेऊन महाराष्ट्राच्या संघात गेला. यातलं काहीही धर्मावरून झालं नाही. कुणी खेळ जमेना म्हणून गेला, कुणी मतासाठी भांडला. अशा भांडणांना मी तरी भीत नाही. माणूस एका संघातून उठून दुसऱ्यात जाऊन बसू शकतो, तोवर सगळं ठीक आहे. पंचरंगीत पारश्याला हिंदूंकडून किंवा हजारेला मुसलमानांकडून जाता येत नव्हतं, खरी खोट तिथे होती. भाच्याच्या अमेरिकेत कॉलेजं पैशासाठी गट सोडतात याची तो खंत करतो. मला वाटतं, सोडता येतात ना, मग अर्धी चिंता मिटली.

राहता राहिला हिंदू जिमखान्याचा प्रश्न. १९३७ मध्ये जागांसाठी बाहेर, १९४० मध्ये तत्त्वासाठी बाहेर, आणि दोन्ही वेळा पुढच्याच वर्षी परत. मी यावर बराच विचार केला. तत्त्वासाठी बाहेर पडणं हे एका वर्षाचं काम नसतं, इतकंच त्यातून मला उमगलं. पळवणकर भाऊ बाहेर राहिले ते पोटतिडकीनं, आणि काहीतरी मिळेपर्यंत राहिले. जिमखाना बाहेर राहिला ते थोडक्या मतांनी, आणि बाहेर थंडी वाजायला लागताच आत आला. तरी त्या सभेत ज्यांनी हात वर केले त्यांच्याबद्दल मला आदर आहे. स्वतःचा संघ जिंकू शकत असताना त्याला घरी बसवायला मत देणं, हे काही लहानसहान नव्हे.

आपापल्या सोसायटीत, मंडळात, ज्ञातीच्या संस्थेत हा प्रश्न आपल्यासमोर येतोच. आत राहून बदलायचं की बाहेर पडून? मला याचं एकच एक उत्तर सापडलेलं नाही. पण उत्तर देण्याआधी एक प्रश्न मी आता स्वतःला विचारतो: या वाटणीत उरलेले कोण आहेत, आणि त्यांना कुणी विचारलंय का?

तुमच्या घरातल्या कुणी पंचरंगी सामने पाहिल्याच्या आठवणी सांगितल्या असतील तर जरूर कळवा. विशेषतः आमच्या वसईकडच्या ख्रिस्ती मंडळींनी. तुमच्या आजोबांनी १९३७ च्या आधी टाळ्या कुणासाठी वाजवल्या, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.